गाडीवाल्याच्या थंड्याचं बिल लावायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या काही हॉटेलांचे आणि परमिट रूमचे हिशेब मी बरीच वर्षं लिहितोय. स्वतः पीत नाही, गळ्यात माळ आहे. त्यामुळे मित्रांची बैठक ठरली की गाडीची किल्ली न मागता माझ्या हातात येते. मालकांची रड मला वहीतून कळते आणि गिऱ्हाइकांची टेबलावर बसून. दोन्हीकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून काढतो.

१. गाडीवाला म्हणजे नक्की कोण? ज्याची गाडी तो?

गाडी कोणाचीही असो. परत जाताना स्टिअरिंग ज्याच्या हातात असणार आणि ज्याने त्या रात्री थेंबही घेतलेला नाही, तो गाडीवाला. आणि हे बैठक बसायच्या आधी ठरलेलं हवं. "ज्याला कमी चढली तो चालवेल" याला ठरवणं म्हणत नाहीत, कारण कमी कोणाला चढली हे ठरवणारे सगळे चढलेलेच असतात.

आणखी एक. प्रश्न पाठवणारे पुष्कळदा 'पब' लिहितात. आपल्याकडे पब कुठला? खाली परमिट रूम, वर फॅमिली, मधे जिना. म्हणून पुढे सगळीकडे परमिट रूमच म्हटलंय.

२. मग परमिट रूमने त्याला थंडा फुकट द्यावा की नाही? एका वाक्यात सांगा.

पहिले दोन ग्लास फुकट, तिसऱ्यापासून पैसे, आणि ते पैसे पिणाऱ्यांनी भरायचे, गाडीवाल्याने नाही.

आता कारण. पुणे-हैदराबाद हायवेवर टेंभुर्णी-मोहोळच्या पट्ट्यात रात्री ट्रॅव्हल्स जिथे थांबतात ते ढाबे आठवा. प्रवासी उतरून मेनूकार्ड चाळत बसतात तोवर ड्रायव्हर आणि क्लीनर सरळ आतल्या टेबलावर जातात. गरम भाकरी, भाजी, वर ताक. बिल येत नाही. ढाबेवाला काही अन्नछत्र चालवत नाही. चाळीस गिऱ्हाइकं ज्याने दारात आणून उभी केली त्याचं जेवण तो धंद्याच्या खर्चात धरतो. परमिट रूमचा गाडीवाला तरी वेगळं काय करतो? चौघा पिणाऱ्यांना आणतो, धड घरी पोचवतो, म्हणजे पुढच्या शनिवारी तेच चौघे पुन्हा येतात. आणि त्याच्याच नावावर आपण लाइम सोड्याचे साठ रुपये टाकतो.

कायद्याची सक्ती मात्र नाही. मोटार वाहन कायद्यात नाही, महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यातही नाही. त्यामुळे काउंटरवर जाऊन "हा माझा हक्क आहे" म्हणून आवाज चढवू नका.

३. छापील वीस रुपयांची बाटली टेबलावर पन्नास-साठला लावतात. ही लूट नाही का?

वाटते खरी, पण बेकायदा नाही. १२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल संघटनांच्या प्रकरणात निकाल दिला. हॉटेलात बसून बाटली मागवली की ती नुसती वस्तूची विक्री राहत नाही. खुर्ची, पंखा, वेटर, ग्लास हे सगळं त्यात येतं, म्हणून हॉटेलला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात. प्रकरण पाण्याच्या बाटलीचं होतं, पण थंड्यालाही तोच न्याय लागतो.

भाव मेनूकार्डावर छापलेला नसेल तर मात्र ऑर्डर देतानाच विचारा. बिल आल्यावर वेटरशी हुज्जत घालून काही होत नाही, भाव त्याने ठरवलेला नसतो.

पाण्याचं सोपं आहे. वेटर विचारतो, "साधं का बिसलेरी?" साधं म्हणा.

४. मालक म्हणतात परवडत नाही. तुम्ही हिशेब लिहिता, खरं सांगा.

अर्धं खरं. परमिट रूमचं कंबरडं मोडलंय हे खोटं नाही. लायसन फी दरवर्षी लाखांत जाते. बारमध्ये बसून प्यायच्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांचा १० टक्के झाला. वाईन शॉपमधून बाटली घेऊन जाणाऱ्याला हा व्हॅट लागत नाही, म्हणून गिऱ्हाईक बाटली घेतो आणि शेतात जाऊन बसतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे गेला की एसीचं वीजबिल डोळे पांढरे करतं.

पण ही तूट गाडीवाल्याच्या सोड्यातून भरून निघत नाही. दोन लाइम सोड्यांना मालकाचा खर्च किती? सोडा, एक लिंबू, साखर, मीठ, बर्फ. मी लिहितो त्या वह्यांत हा आकडा तीसच्या आसपास बसतो. चौघांचं दारू-चखण्याचं बिल तीन-साडेतीन हजार. त्यात तीस रुपये म्हणजे टक्काभर. वेटर चुकून एक मसाला पापड जास्तीचा ठेवतो तेव्हाही एवढंच जातं.

"शनिवारी खुर्ची अडवतो" ही दुसरी तक्रार मला पटत नाही. पिणारे शेंगदाण्यावर दोन तास काढतात. जेवण आधी कोण मागवतो? ज्याची भूक दारूने मारलेली नसते तो.

५. आम्ही पाचजण जातो, बिल सरळ पाचात वाटतो. न पिणाऱ्याने तक्रार केली तर कंजूस म्हणतात. काय करावं?

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा. मूळ दुखणंही इथेच आहे. मालकाने साठ रुपये लावले म्हणून बोंब मारणारे, मित्राच्या खिशातून सहाशे काढतात तेव्हा गप्प असतात.

माझीच गोष्ट सांगतो. तुळजापूर रोडला बसलो होतो. चौघे पिणारे, मी गाडीवाला. टेबलावर व्हिस्की, दोन बिअर, मटण फ्राय, खिमा. माझ्यापुढे दोन लाइम सोडे, डाळ, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. माळकरी माणूस, दुसरं काय खाणार? बिल आलं ४,३५०. एकाने मोबाइलवर भागाकार केला, "आठशे सत्तर-सत्तर काढा रे." माझं खाणं-पिणं मी मनात केव्हाच मांडलं होतं, २८०. म्हणजे ५९० रुपयांचं मटण आणि व्हिस्की माळकऱ्याने घेतली म्हणायची. मी तोंड उघडलं तसा एकजण म्हणाला, "एवढं काय मोजतंय बे, दोस्तीत हिशेब असतंय का?"

मी दिले. वर प्रत्येकाला दारापर्यंत सोडलं. एकाला जुळे सोलापूर, एकाला अक्कलकोट रोड, दोघांना थेट कुंभारीपर्यंत. पेट्रोल माझंच. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "काल रात्रीच्या गाडीभाड्याचे प्रत्येकी दीडशे पाठवा." दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग ज्याने "बे" म्हटलं होतं त्याचेच सगळ्यात आधी आले.

तेव्हापासून आमचा नियम आहे. गाडीवाल्याचं खाणं-पिणं बाकीच्यांवर, पेट्रोल सगळ्यांत, आणि हे बोलायचं बसायच्या आधी. दोन घोट पोटात गेल्यावर पैशाचा विषय काढला की तो भांडणावरच जातो.

६. फुकट सोडा दिला की तो गाडीवाल्याच्या ग्लासातून मित्राच्या रममध्ये जातो. आम्ही मूर्ख का? (एका मालकांचा प्रश्न)

मालक, तुम्ही मूर्ख नाही. तुमच्या गल्ल्यावर बसून मी हे डोळ्यांनी पाहिलंय. गाडीवाल्याने तासाभरात सहा सोडे "प्यायले" आणि एकदाही मोरीकडे गेला नाही.

यावर माझा उपाय ताक. मीठ, जिरं, हिंग, कोथिंबीर घातलेलं थंडगार ताक रममध्ये घालणारा माणूस अजून जन्माला यायचाय. दही तुमच्या किचनमध्ये असतंच, खर्च सोड्याहून कमी, आणि उन्हाळ्यात गाडीवाला आशीर्वाद देतो. ताक नको असेल तर लिंबू सरबत मीठ जास्त टाकून. बंद बाटली किंवा साधा सोडा फुकटात ठेवूच नका.

गाडीची किल्ली काउंटरवर ठेवायला सांगावी असंही काहीजण सुचवतात. मला आवडत नाही. किल्ल्यांची जबाबदारी तुमच्या अंगावर येते आणि एखादी हरवली की ताकाचं श्रेय राहिलं बाजूला.

७. गाडीवाल्याने एखादी बिअर घेतली तर? एकीने काय होतंय?

होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ रक्ताच्या १०० मिलीमध्ये ३० मिलिग्रॅमपर्यंतच अल्कोहोल चालवून घेतं. आता ढोबळ हिशेब करा. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, ८ टक्के धरली तर तिच्यात ५२ मिली, म्हणजे ४१ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात त्याचे ऐंशीच्या वर मिलिग्रॅम होतात. मर्यादेच्या पावणेतीन पट, एका बाटलीत. साठचा एक पेग घेतला तरी चाळीसच्या घरात जातो.

शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं. म्हणजे त्या एका बिअरनंतर ३० च्या खाली यायलाच तीन-चार तास. लिंबू चोखा, कॉफी प्या, तोंडावर पाणी मारा, पान खा, या वेळात काडीचा फरक पडत नाही. पानाने वास झाकतो, फुंकायच्या मशीनला वासाशी देणंघेणं नसतं.

पकडलं तर पहिल्या वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ही पावती चौकात फाडून मिटत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. आग्रह करून पाजणाऱ्यांनीही वाचावं: कलम १८८ प्रमाणे या गुन्ह्याला प्रवृत्त करणाऱ्याला तीच शिक्षा आहे. आणि गाडी ठोकली तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी नाकारते, ते वेगळंच.

८. नॉन-अल्कोहोलिक बिअर चालेल का? ती फुकट मागावी का?

लेबलवर ०.० असेल तर चालेल. काहींवर ०.५ टक्क्यापर्यंत लिहिलेलं असतं, त्यांच्या वाटेला जाऊ नका. फुकट मागू नये. तिचा भाव बिअरच्या जवळपास असतो, मालकाचा खरेदीचा खर्चही तसाच. मॉकटेल आणि एनर्जी ड्रिंकचंही तेच. दोन ग्लास फुकट म्हणजे ताक, सरबत, लाइम सोडा.

९. आमच्याकडे कार नाही, दोन बाइकवर चौघे जातो. मग गाडीवाला किती?

दोन. प्रत्येक हँडलमागे एक न प्यायलेला. तिसऱ्याला टाकीवर बसवून एकाच बाइकवर यायची आयडिया कोणीतरी काढतोच, ती काढणारा नेहमी प्यायलेला असतो.

चौघांतले दोघे कोरडे राहणार नसतील तर बाइक घरी ठेवा आणि रिक्षा ठरवा. रात्री उशिरा रिक्षावाला सांगेल तो आकडा, हे मान्य. म्हणून ओळखीच्या रिक्षावाल्याला संध्याकाळीच परतीची वेळ सांगून ठेवा.

१०. गाडी भाड्याने केली होती, ड्रायव्हर बाहेर गाडीतच बसला. त्याला द्यायचं कोणी?

ज्यांनी गाडी केली त्यांनी. प्रश्न २ मधला दोन ग्लासांचा हिशेब त्यालाही लागू आहे, पण त्याची खरी गरज जेवणाची असते. आत तीन तास बैठक, बाहेर तो मोबाइलची बॅटरी जपत बसलेला. आत जाताना वेटरला सांगा, "बाहेर पांढऱ्या गाडीत ड्रायव्हर आहे, आधी त्याला ताट द्या." नुसते शंभर रुपये हातात टेकवू नका, अकरा वाजता तो जेवायला कुठे जाणार? आणि खुशीत येऊन "घे रे एक" म्हणू नका. तुमच्या प्रेमापायी त्याचं लायसन जायचं.

११. लायसन नसलेल्या ढाब्यावर आपली बाटली नेऊन बसलो. मी फक्त थंडा प्यायलो, मला काय होणार?

इथे भले भले फसतात. विनापरवाना जिथे लोकांना दारू प्यायला बसवतात त्या जागेला कायद्यात दारूचा सार्वजनिक गुत्ता म्हणतात. दारूबंदी कायद्याचं कलम ६८ चालवणाऱ्यावर, कलम ८४ बसणाऱ्यांवर. आणि ८४ मध्ये मेख अशी आहे की तिथे पिणं चालू असताना जो सापडेल तो पिण्यासाठीच आला असं धरलं जातं. तसं नव्हतं हे दाखवायचं ओझं तुमच्यावर. म्हणजे धाड पडली की गाडीवाल्याचा थंड्याचा ग्लास त्याला वाचवेलच असं नाही.

लायसन असलेल्या परमिट रूममध्ये ही भानगड नाही. तिथे पिणाऱ्याला परमिट लागतं (एका दिवसाचं पाच रुपयांत), थंडा पिणाऱ्याला लागत नाही.

१२. नवऱ्याच्या ऑफिसच्या पार्ट्यांना कायम मीच गाडी चालवत परत आणते. माझ्यापुढे न विचारता १८० रुपयांचं मॉकटेल ठेवतात. नको कसं म्हणू?

ताई, "ताक आहे का?" एवढंच विचारा. फॅमिली सेक्शनमध्ये बाईमाणूस दिसलं की रंगीत छत्रीवालं मॉकटेल आणायची वेटरला सवय आहे, कारण आजवर कोणी परत पाठवलेलं नाही. ऑर्डर न देता आलेलं परत करता येतं, ओठ लावायच्या आधी.

राहिला मालकाचा भाग. गाडीवाला म्हटलं की त्यांना पुरुषच दिसतो. किल्ली वहिनींच्या पर्समध्ये आहे हे वेटरला कळावं म्हणून आमच्या एका भगिनीने मजेदार उपाय काढलाय. बसल्या बसल्या किल्ली टेबलावर, मिठाच्या डबीशेजारी ठेवतात.

१३. परदेशात म्हणे ड्रायव्हरला सगळं फुकट असतं?

सगळं नाही. बेल्जियमने १९९५ मध्ये 'बॉब' नावाची मोहीम काढली. बॉब म्हणजे आज न पिणारा, परत नेणारा. हे नाव तिथे इतकं रुळलं की "आज बॉब कोण?" असंच विचारतात. जपानमध्ये त्याला 'हँडल कीपर' म्हणतात. प्यायलेल्या माणसाची गाडी त्याच्यासकट घरी पोचवणारी भाड्याची सेवाही तिथे आहे. ब्रिटनमध्ये नाताळच्या दिवसांत कोका-कोलाने पबमधल्या ड्रायव्हरांसाठी एकावर एक फुकटची योजना चालवली. म्हणजे पहिल्याचे पैसे द्यायचेच. तिथले लोकही यावर कुरकुरतात, की पंपातून निघणारा सिरप-पाण्याचा थंडा पबला पैशांत पडतो आणि विकतात बिअरच्या बरोबरीने. नळाचं पाणी मात्र इंग्लंडच्या पबना २०१० पासून फुकट द्यावंच लागतं.

तुलना करताना एक ध्यानात ठेवा. इंग्लंडमध्ये मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. आपली ३०. तिथला "एक घेऊन चालवतो" इथे चालत नाही (प्रश्न ७).

१४. फुकट दिलेल्या ताकाचं बिल कसं दाखवायचं? जीएसटी लागतो का?

मालकांसाठी. मोबदला नाही तर त्यावर जीएसटी नाही. रेस्टॉरंटचा ५ टक्के दर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) न घेता असतो, त्यामुळे क्रेडिट उलटवायचाही प्रश्न येत नाही. बिलात ओळ जरूर टाका: "ताक २ नग, ०.००". गिऱ्हाइकाला दिसतं आणि महिनाअखेर किती गेलं ते तुम्हालाही कळतं. पैसे घेतलेल्या थंड्यावर ५ टक्के जीएसटी, दारूवर व्हॅट. दोन्ही एकाच बिलात आले तरी ओळी वेगळ्या. थंड्याला व्हॅट लावलेली बिलं मी अजून पाहतो आणि ती दुरुस्त करता करता माझा रविवार जातो.

१५. फुकट ताक प्यायला आणि शेवटी बाहेर पानटपरीमागे क्वार्टर मारून आला. मग?

मग तो गाडीवाला राहिला नाही. दोन ताकांचे पैसे वसूल करत बसू नका, रिक्षा बोलवा. गाडी तिथेच राहू दे, वॉचमनला सांगा, सकाळी येऊन नेतील. टेबलावरच्या बाकीच्यांपैकी "मी बराय, मी चालवतो" म्हणणारा एकजण निघतोच. त्यालाही रिक्षातच बसवा.

१६. तुम्ही जाता तिथे तुम्हाला फुकट मिळतं का? नाव सांगा.

नाव सांगत नाही, तिथला हिशेब मीच लिहितो. दोन ताकं मिळतात. तिसऱ्याचे तीस रुपये लागतात. गेल्या शनिवारी वेटरने ते लावायचे विसरले, मी घरी येऊन वहीत टाकले आणि ग्रुपवर चौघांकडून साडेसात-साडेसात मागितले. तिघांचे आलेत.